क्वानशेंग यूव्ही-के५: नवीन फर्मवेअर मारल्यावर आवाज फाटतोय, बॅटरी चुकीची दाखवतोय. छुप्या मेन्यूत काय बदलू आणि कशाला हात लावू नको?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीहून लिहितोय. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना हातात येऊन चार महिने झाले, अजून शिकाऊच आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत पहिल्या मजल्याच्या गॅलरीला पाणी लागलं होतं. तीन दिवस फोन बंद. आजीचं इन्सुलिन संपत आलेलं, आणि होडी कुठवर आलीय हे विचारायचं कुणाला तेच कळत नव्हतं. शेवटी समोरच्या गच्चीवरच्या माणसाने ओरडून पुढच्या गच्चीला सांगितलं, त्याने त्याच्या पुढच्या, असं करत निरोप गेला आणि होडी आली. मी तेव्हा बारावीत होतो. परीक्षा दिली ती त्या गच्च्यांमुळे. पुढच्या वेळी पाणी चढलं तर माझा रेडिओ चालायला हवा आणि माझं बोलणं समोरच्याला कळायला हवं, एवढंच मला पाहिजे. आणि नेमकं तेच सध्या जमत नाहीये.

रेडिओ क्वानशेंग यूव्ही-के५ (८), हातात धरून बोलायचा. सोबत आलेली बॅटरी १६०० एमएएचची. शिवाय २२०० ची एक वेगळी घेतली, सध्या तीच लावलेली असते. दोन आठवड्यांपूर्वी मावसभावाच्या लॅपटॉपवरून एफ४एचडब्ल्यूएन या नावाने लिहिणाऱ्याचं फर्मवेअर (रेडिओच्या आतला प्रोग्राम) मारलं, बँडस्कोपवाली आवृत्ती, म्हणजे आजूबाजूच्या सिग्नलांचा आलेख (स्पेक्ट्रम) दाखवणारी. पीटीटी (बोलायचं बटण) दाबून धरत रेडिओ चालू केला, टॉर्च पेटला, केबल लावली, मिनिटाभरात काम झालं. मग पीटीटी आणि बाजूचं वरचं बटण एकत्र दाबून चालू केला, छुपा मेन्यू उघडला आणि रिसेट-ऑल केलं. इथवर सगळं व्हिडिओत दाखवलं तसंच.

त्यानंतर मात्र मी मेन्यूत शिरून दिसेल ते बदलत गेलो. माइक सगळ्यात वर नेला, +१५.५ डीबी. वाटलं, आवाज लांब जाईल. 'कॉम्पन्ड' नावाचं काहीतरी चालू केलं, नेमकं कुठल्या पर्यायावर ठेवलं ते आठवत नाही. 'सेट-पीटीटी' मध्ये वन-पुश केलं. बॅट-कॅलमध्ये (बॅटरीचं माप जुळवायचा पर्याय) बाण वर-खाली दाबून बघितले. मूळ आकडा किती होता ते लिहून ठेवलं नाही. आता २००० आहे.

परिणाम असा. सकाळच्या नेटवर (ठरल्या वेळी सगळे हॅम एका फ्रीक्वेन्सीवर जमतात ते) सगळे म्हणतात आवाज फाटतोय, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतोय. सिग्नल पूर्ण आहे पण शब्द कळत नाहीत. बॅटरी बराच वेळ भरलेली दाखवते आणि एकदम रेडिओ बंदच पडतो. काढलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर मल्टीमीटर लावला तर ८.२८ व्होल्ट येतात, तीच लगेच रेडिओला लावली तर पडद्यावर ८.५२.

आणि गुरुवारी जे झालं त्याची मला अजून लाज वाटतेय. नेटवर हजेरी देऊन बोट काढलं, रेडिओ टेबलावर ठेवला. रेडिओ बोलतच राहिला. आईच्या रिपोर्टबद्दल घरात जे बोलणं चाललं होतं ते सगळं हवेत गेलं आणि टाइम-आउट (फार वेळ चाललेलं बोलणं रेडिओ स्वतःच तोडतो ते) लागेपर्यंत नेट अडून बसलं. नेट चालवणाऱ्या काकांनी नंतर फोन करून शांतपणे सांगितलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आणखी दोन गोष्टी. एफएम रेडिओ गायब झालाय. आणि व्हिडिओवाले सांगतात की एफ-लॉकमध्ये (कुठल्या फ्रीक्वेन्सीवर बोलता येईल ते ठरवणारा पर्याय) 'अनलॉक ऑल' करा म्हणजे कुठेही बोलता येतं. ते अजून केलेलं नाही. करावं का? एक मित्र म्हणतो त्याच्या के५ ची कॅलिब्रेशन फाईल देतो, ती टाकली की सगळं सरळ होईल. फर्मवेअरच काढून मूळचं टाकू का? कृपया कुणीतरी नीट सांगा.

मिरकरवाडा

तुझ्याहून चाळीस वर्षांनी मोठा आहे, म्हणून अरे-तुरे करतो. राग मानू नकोस.

फर्मवेअर काढू नको. त्यात काही बिघडलेलं नाही. आणि मित्राची फाईल तर अजिबात घेऊ नको, आधी तेवढंच सांगतो, कारण तू लिहिलेल्या सगळ्यांत परत न फिरणारी गोष्ट तीच आहे.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. सुरुवातीची वर्षं स्ट्रोजरवर, म्हणजे जुन्या यांत्रिक एक्स्चेंजवर. रिलेच्या पट्टीचा ताण ग्रॅममध्ये मोजायचा गेज असायचा. आमच्या सुपरवायझरांची एकच सक्ती होती: पट्टीला चिमटा लावण्याआधी आत्ता किती ताण आहे तो वहीत लिहायचा. नवीन पोरांना ते वेळ घालवणं वाटायचं. चार रिले बिघडवून ठेवले की मग वही आठवायची. तुझ्या बॅट-कॅलचं वाचलं आणि ती वही आठवली.

तुझ्या रेडिओत ८ किलोबाइटची एक छोटी मेमरी आहे. चॅनेल, नावं, मेन्यूतल्या निवडी, सगळं तिच्यात. तिच्या शेवटच्या ५१२ बाइटमध्ये कारखान्यात त्याच एका रेडिओवर मोजून भरलेली मापं आहेत. कुठल्या बँडला किती पॉवर, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारं फाटक) कुठल्या पातळीला उघडायचा, बॅटरीचं माप, आणि आतल्या क्रिस्टलची चूक किती धरायची. ही मापं शेजारच्या खोक्यातल्या रेडिओचीही सारखी नसतात. समजा मित्राच्या आणि तुझ्या क्रिस्टलमध्ये दहा लाखात पाच भागांचा फरक आहे. १४५ मेगाहर्ट्झवर तो ७२५ हर्ट्झ होतो, तिथे कदाचित कळणारही नाही. ४३७ वर गेलास की दोन किलोहर्ट्झच्या वर जातो, आणि तुझा आवाज फाटलेलाच राहतो, फक्त या वेळी कारण सापडत नाही.

समाधानाची गोष्ट ही की रिसेट-ऑल या ५१२ बाइटना हात लावत नाही. फर्मवेअर मारल्यानेही त्या पुसल्या जात नाहीत, कारण फर्मवेअर वेगळ्या जागी बसतं. तू जेवढं सांगितलंस त्यातल्या एकाच गोष्टीने त्या भागात लिहिलं गेलं, ती म्हणजे बॅट-कॅल. म्हणजे तुझं बाकीचं कॅलिब्रेशन अजून कारखान्यातलंच आहे. आज संध्याकाळी पहिलं काम म्हणून ते वाचून घे. ब्राउझरमध्ये चालणारं यूव्हीटूल्स आहे, क्रोम किंवा एजमध्ये उघड. केबल तीच, पण या वेळी पीटीटी न दाबता रेडिओ नेहमीसारखा चालू करायचा. कॅलिब्रेशन वाचून फाईल करून ठेव. लॅपटॉपवर एक, आणि एक स्वतःलाच मेल कर. चॅनेल भरायला चर्प हा प्रोग्राम वापरत असशील तर त्याची फाईल निराळी ठेव, या दोन्हींची सरमिसळ नको.

आता आवाज. माइकचे पाच टप्पे आहेत: +१.५, +४, +८, +१२ आणि +१५.५ डीबी. तू सगळ्यात वर नेलास. एफएममध्ये जोरात बोलल्याने आवाज लांब जात नाही रे. लांब जातो तो कॅरिअर, म्हणजे आवाज वाहून नेणारी लहर, आणि त्याला तुझा आवाज किती मोठा आहे याच्याशी देणंघेणं नाही. माइक वाढवला की फ्रीक्वेन्सीची हालचाल वाढते, ती मर्यादेला जाऊन आदळते आणि वरचे शेंडे कापले जातात. समोरच्याला सिग्नल पूर्ण आणि शब्द चुरलेले असं ऐकू येतं. तुला लोक तेच सांगतायत. +४ वर ये. माइक-बार चालू कर, म्हणजे बोलताना पडद्यावर पट्टी दिसेल. रेडिओ तोंडापासून चार बोटं लांब, थोडा तिरका धर, तोंडाची हवा थेट भोकावर जाऊ देऊ नको. पट्टी कायम शेवटाला चिकटलेली दिसली तर आणखी खाली उतर. फार खाली वाटली तर +८. त्याच्या वर जायची गरज मला तरी आजवर पडलेली नाही.

डब्यात बोलल्यासारखं जे म्हणतायत ते मात्र माइकमुळे नसावं, ते कॉम्पन्डमुळे असेल. कॉम्पँडर बोलताना मोठा-लहान आवाज दाबून एकसारखा करतो आणि ऐकताना तो परत पसरवतो. दोन्ही टोकांना असेल तरच त्याचा उपयोग. तुझ्याकडे टीएक्सवर (बोलताना) चालू आणि नेटवरच्या बाकीच्यांकडे नाही, तर त्यांना दाबलेलाच आवाज येणार. बंद कर. वाइड-नॅरो, म्हणजे सिग्नलची रुंदी, तेवढं नेटवर विचारून घे की ते कशावर बोलतात, आणि तू त्यांच्यासारखा हो.

तपासायला थेट नेटवर जाऊ नको. पॉवर 'लो १' वर ठेव. ती वीस मिलिवॉटच्याही आत असते. मोकळी सिम्प्लेक्स (रेडिओ ते रेडिओ थेट बोलायची) फ्रीक्वेन्सी बघ, आधी कॉलसाइन (परवान्यावरचं तुझं ओळखचिन्ह) सांग, दुसरा रेडिओ आतल्या खोलीत ठेवून फोनवर रेकॉर्ड कर. स्वतःचा आवाज स्वतः ऐकलास की कुणाला विचारावं लागणार नाही.

बॅटरीवर जरा जास्त लिहितो, कारण पुरात तुला हीच लागणार आहे. दोन गोष्टी एकात एक मिसळल्यात. एक, रेडिओ व्होल्टेज चुकीचा मोजतोय. दोन, बॅट-टाइपमध्ये बहुधा अजून १६०० आहे आणि तू २२०० ची लावलीयस. टक्के काढताना रेडिओ त्या प्रकारची उतरंड धरतो, त्यामुळे व्होल्टेज बरोबर आला तरी टक्के चुकतील. म्हणून आधी बॅट-टाइप बदल.

मग बॅट-कॅल. तिथे एक आकडा आणि त्याने येणारा व्होल्टेज, दोन्ही दिसतात. आकडा वाढवला की दाखवलेला व्होल्टेज उतरतो, हे उलटं आहे, ध्यानात ठेव. हिशोब सोपा आहे: आत्ताचा आकडा २०००, रेडिओ दाखवतो ८.५२, मल्टीमीटर ८.२८. दोन हजाराला ८.५२ ने गुणून ८.२८ ने भाग, उत्तर २०५८. तो आकडा लाव. मोजताना बॅटरी चार्जरवरून काढून तासभर तरी तशीच ठेव, नुकत्या काढलेल्या बॅटरीचा व्होल्टेज फुगलेला असतो. आणि मल्टीमीटरच्या आतली बॅटरी उतरलेली नाही ना, तेही बघ. स्वस्तातला मीटर स्वतःची बॅटरी उतरली की वरचे आकडे दाखवतो, आणि मग त्या खोट्या मापावर तू रेडिओ लावशील.

व्होल्टेज जास्त दाखवत असला की बॅटरी उतरल्याची सूचना उशिरा येते. रेडिओला वाटतं अजून आहे, आणि बॅटरीच्या आतली संरक्षक पट्टी मध्येच वीज तोडते. तुझा रेडिओ एकदम मरतो तो त्यामुळे. बॅट-टेक्स्टमध्ये टक्क्यांऐवजी व्होल्टेज दाखवायला लाव. दोन सेलची बॅटरी आहे, भरलेली ८.४. सात व्होल्टच्या जवळ आली की बदलायची तयारी करायची, असं मी करतो.

माझं सांगतो. मागच्या पावसाळ्यात मीही हाच आकडा फार खाली नेला, १७०० पर्यंत. त्यानंतर पीटीटी दाबला की पडद्यावर 'व्होल्ट हाय' आणि प्रक्षेपण बंद. मला वाटलं आउटपुटचा ट्रान्झिस्टर गेला. स्क्रू काढून रेडिओ उघडला, अर्धा दिवस भिंग लावून बसलो. रेडिओ ठणठणीत होता. बॅटरी जवळपास दहा व्होल्टची आहे असं मीच त्याला सांगून ठेवलेलं, आणि तो स्वतःला वाचवत होता.

सेट-पीटीटी क्लासिकवर आण आणि तिथेच राहू दे. वन-पुशमध्ये एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. हात भाजलेल्या किंवा बोटांत जोर नसलेल्या माणसाला त्याचा मोठा आधार आहे, आमच्याकडे एका संधिवाताच्या गृहस्थांना मीच लावून दिलाय. तुला नको. टीएक्स-टाइमआउट एक मिनिट ठेव, सेट-टीओटी मध्ये आवाजाची सूचना लाव. गुरुवारचं मनाला लावून घेऊ नको. कॅरिअर अडकून राहणं प्रत्येकाच्या वाट्याला एकदा येतं. नेटवर जाऊन एकदा माफी माग, पुरे.

एफएम रेडिओचं कारण जागा. त्या चिपमध्ये फर्मवेअरला ६० किलोबाइटच मिळतात. बँडस्कोप आवृत्तीत स्पेक्ट्रम बसवला म्हणून एफएम वगळला. एफएम हवा तर ब्रॉडकास्ट आवृत्ती मार, तिच्यात स्पेक्ट्रम नाही. मोफत मिळणाऱ्या या सगळ्या कोडमागे २०२३ पासूनचं काम आहे. ड्युअल टॅकियन या नावाने लिहिणाऱ्याने मूळ फर्मवेअर उलगडून खुला कोड मांडला, त्यावर वन-ऑफ-इलेव्हन, एगझुमर आणि मग एफ४एचडब्ल्यूएन यांनी भर घातली. ६० किलोबाइटमध्ये त्यांनी काय काय बसवलंय ते बघून मला एक्स्चेंजमधली आमची जुनी माणसं आठवतात.

शेवटी अनलॉक. करू नको. माझं घर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून दहा मिनिटांवर आहे. पावसाळी वारा सुटला की इथल्या घराघरांत बायका-म्हातारी कान लावून बसतात, कारण ट्रॉलर बाहेर असतात. त्यांचा संकटाचा चॅनेल १६, म्हणजे १५६.८०० मेगाहर्ट्झ. विमानांचा संकटाचा १२१.५. अनलॉक ऑल केलंस की चुकून दाबलेल्या एका बटणाने तू तिथे कॅरिअर टाकू शकतोस. गुरुवारी जे नेटवर झालं ते तिथे झालं असतं तर? त्या वेळी कुणी बोट बुडतेय म्हणून ओरडत असता, तर त्याचा आवाज तुझ्या पाच वॉटखाली गेला असता. यावर मला दुसरं मत नाही.

आणि नुसतं अनलॉक न करून भागत नाही. रिसेटनंतर एफ-लॉक मूळ पर्यायावर येतो, आणि त्यात १३७ ते १७४ आणि ४०० ते ४७० सगळं बोलायला उघडं असतं. म्हणजे आत्ता, या क्षणी, तुझा रेडिओ चॅनेल १६ वर बोलू शकतो. तो 'सीई हॅम' वर ने. मग १४४ ते १४६ आणि ४३० ते ४४० एवढंच उरतं. आपल्याकडे व्हीएचएफ तेवढंच आहे, पण यूएचएफ ४३४ ते ४३८ आहे, म्हणजे दोन्ही बाजूंचा तुकडा लॉक अडवणार नाही, तो तुलाच सांभाळायचाय. ऐकण्यावर लॉकचा परिणाम होत नाही. टीएक्स २००, ३५०, ५०० तिन्ही बंद, स्क्रॅम्बलरही बंद. हौशी बँडवर सांकेतिक बोलायला परवानगी नाही.

एवढं कर आणि कळव.

गोदातीर

काकांनी सविस्तर लिहिलंय, मी थोडीशी भर घालते. मी नाशिकला शाळेत विज्ञान शिकवते आणि मुलांना अंतराळ स्थानक ऐकवण्यासाठी हाच रेडिओ वापरते.

कॉम्पन्ड ही निवड अख्ख्या रेडिओची नसते, प्रत्येक चॅनेलबरोबर वेगळी साठवली जाते. व्हीएफओवर (फ्रीक्वेन्सी हाताने लावतो त्या स्थितीत) असताना बंद केलं तर जतन केलेल्या नेटच्या चॅनेलवर ते चालूच राहतं. त्या चॅनेलवर जाऊन बंद करा. मी यात दोन दिवस घालवले आहेत.

दुसरं बॅट-सेव्ह. रेडिओ अधूनमधून झोपतो आणि मध्येच जागा होऊन सिग्नल आहे का पाहतो, म्हणून समोरच्याचा पहिला शब्द खाल्ला जातो. रोजच्या वापराला असू द्या, पण आपत्तीच्या वेळी पहिल्याच शब्दात कॉलसाइन किंवा जागेचं नाव असतं. तेव्हा ते बंद ठेवलेलं बरं, बॅटरी थोडी जास्त जाईल.

तुम्हाला स्थानक ऐकायचं असेल तर लिहिते, कारण स्वतःचा रेडिओ आणि कान तपासायला याच्यासारखं साधन नाही. त्यावरच्या रिपीटरचा, म्हणजे ऐकलेलं पुन्हा पाठवणाऱ्या रेडिओचा, खाली येणारा सिग्नल ४३७.८०० वर असतो. स्थानक जवळ येताना तो दहा किलोहर्ट्झ वर, दूर जाताना दहा खाली सरकतो. मी पाच चॅनेल करून ठेवले आहेत: ४३७.८१०, .८०५, .८००, .७९५ आणि .७९०. मुलं स्वतः बटण दाबत एकेक खाली उतरतात. स्थानक डोक्यावरून जायला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि तेवढ्यात आवाजासाठी चॅनेल का बदलावा लागतो हे त्यांना फळ्याशिवाय कळतं. स्क्वेल्च शून्यावर ठेवा, खरखर सहन करा. अँटेना सरळ वर धरू नका, आडवी-तिरकी फिरवत राहा, कुठल्यातरी कोनात आवाज एकदम स्वच्छ होतो. पुढे बोलायची वेळ येईल तेव्हा वर जाणारी फ्रीक्वेन्सी १४५.९९० आणि टोन (रिपीटर उघडणारा बारीक सूर) ६७ हर्ट्झ. त्यासाठी आरएक्स-मोडमध्ये क्रॉस-बँड आहे, एका व्हीएफओवर बोलणं आणि दुसऱ्यावर ऐकणं. आधी महिनाभर नुसतं ऐका.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही एक. आमच्या शाळेने यंदा दुसरा संच घेतला तो के५ चा व्ही३ निघाला. बाहेरून तसाच दिसतो, पण आतला मायक्रोकंट्रोलर वेगळा आहे. जुन्या के५ ची फाईल त्याला चालत नाही, त्याच्यासाठी वेगळी असते. फाईल उतरवण्याआधी बॅटरीखालची पट्टी वाचा.

कृष्णाकाठ

काका, बाई, दोघांचेही मनापासून आभार. तीन दिवस घेतले, एकेक करत गेलो. या वेळी वही घेऊन बसलो. डाव्या पानावर जुना आकडा, उजव्या पानावर नवा.

कॅलिब्रेशन आधी उतरवलं. पहिल्यांदा रेडिओ सापडतच नव्हता. केबलचं दोन पिनांचं टोक पूर्ण आत गेलं नव्हतं, बाजूचं रबरी झाकण मध्ये येत होतं. झाकण पूर्ण बाजूला करून जोर लावला तेव्हा टक् आवाज आला आणि चाललं. फाईल मेल केली, मावसभावालाही दिली.

बॅट-टाइप १६०० च होतं. ते २२०० केलं, मग २०५८ लावला. मल्टीमीटरमध्ये नवीन सेल टाकून पुन्हा मोजलं, तर बॅटरी ८.२५ आणि रेडिओ ८.२४. काल सकाळी सहाला चालू केला तो रात्री नेट संपेपर्यंत चालला, आणि सात व्होल्टला आल्यावर मी स्वतः बंद केला. एकदम मरण्याचा प्रकार थांबला.

माइक +४ केला. कॉम्पन्ड बंद करूनही रेकॉर्डिंगमध्ये डबा येतच होता आणि मी हताश होऊन तुम्हाला विचारायला बसलो होतो, तेवढ्यात बाईंचं उत्तर दिसलं. नेटच्या चॅनेलवर जाऊन पाहिलं, तिथे टीएक्स चालूच. तिथला बंद केला आणि पहिल्याच रेकॉर्डिंगला आईने स्वयंपाकघरातून विचारलं, फोनवर कोण आहे? माझाच आवाज होता, दुसऱ्या खोलीतल्या रेडिओतून.

आज सकाळी नेटवर गेलो. आधी गुरुवारची माफी मागितली, मग हजेरी दिली. नेट चालवणारे काका म्हणाले, आज तुझं नाव पहिल्यांदा नीट कळलं. इतके दिवस त्यांनी वहीत दुसऱ्याच कुणाचं तरी कॉलसाइन लिहिलं होतं.

एफ-लॉक सीई हॅमवर आहे. तुमचं चॅनेल १६ चं वाचून त्या रात्री लगेच उठून केला. १५६.८०० वर तो आत्ताही बोलू शकतो हे वाचल्यावर झोप लागली नाही. एफएम मात्र परत आणणार नाही, स्पेक्ट्रम जास्त उपयोगाचा वाटतो.

एक शंका राहिली. लॉक खरोखर बसलाय का हे तपासायचं कसं? बाहेरच्या फ्रीक्वेन्सीवर पीटीटी दाबून बघायची हिंमत होत नाही.

मिरकरवाडा

दाबायची हिंमत होत नाही ना, तसाच राहा.

अँटेना काढून तिथे डमी लोड (पॉवर हवेत न सोडता जिरवणारा तुकडा) लाव, पॉवर लो १, फ्रीक्वेन्सी १४७.०००, आधी ती मोकळी आहे याची ऐकून खात्री कर. पीटीटी क्षणभर दाब. लॉक बसला असेल तर पडद्यावर 'टीएक्स डिसेबल' येईल आणि काहीही बाहेर जाणार नाही. अँटेना काढून नुसतं दाबू नको, लोड लागलाच पाहिजे. तुझ्याकडे नसेल तर नेटवाल्या काकांकडे माग, त्यांच्याकडे असणारच. तेवढ्या निमित्ताने भेटही होईल.

आणि बॅट-कॅल बदलल्यानंतर कॅलिब्रेशन पुन्हा एकदा उतरवून घे. तू आधी जी फाईल केलीस तिच्यात २००० आहे, ती कधी परत टाकलीस तर बॅटरी पुन्हा चुकीची दाखवेल. नव्या फाईलच्या नावात तारीख आणि रेडिओच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे घाल. आज एकच रेडिओ आहे, पण आजीसाठी दुसरा घेशीलच.